विमान गेल्यावर मिळालेला न्याय : प्रिया पिल्लई प्रकरण

११ जानेवारी २०१५, रविवार. पहाटे दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर ‘ग्रीनपीस इंडिया’ या पर्यावरण संस्थेच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लई यांना लंडनच्या विमानात चढू दिलं नाही. पासपोर्ट वैध होता, ब्रिटनचा सहा महिन्यांचा व्हिसा होता, चेक-इन होऊन सामानही पुढे गेलं होतं. इमिग्रेशनच्या काउंटरवर त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला देशाबाहेर जाता येणार नाही. कोणाचा आदेश, कशासाठी, याचं उत्तर तिथे कुणी देईना. पासपोर्टवर ‘ऑफलोड’ असा शिक्का मारला गेला आणि त्यांना परत फिरावं लागलं.

दोन महिन्यांनी, १२ मार्चला, दिल्ली उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. तेव्हापासून मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांच्या प्रवासबंदीवर कोर्टात वाद झाला की या निकालाचा हवाला दिला जातो. तो द्यायलाच हवा, निकाल तितका महत्त्वाचा आहे. पण हे प्रकरण मुळापासून वाचताना मला एक गोष्ट सतत टोचते. पिल्लई यांना १४ जानेवारीला ब्रिटिश खासदारांपुढे बोलायला लंडनमध्ये असायचं होतं. हक्क मार्चमध्ये परत मिळाला, चौदा जानेवारी काही परत मिळाली नाही. प्रवासबंदीचं हत्यार कसं चालतं ते समजायचं असेल तर या दोन तारखांमधल्या अंतराकडे नीट पाहावं लागतं.

महानचं जंगल आणि लंडनची कंपनी

मध्य प्रदेशातला सिंगरौली जिल्हा उत्तर प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. साठच्या दशकात रिहंद धरणाने या पट्ट्यातली गावं उठवली, त्यानंतर कोळशाच्या खाणी आल्या, औष्णिक वीज केंद्रं आली, आणि काही कुटुंबांना एकाच आयुष्यात दोन-तीनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. या जिल्ह्यातल्या महानच्या जंगलात एक कोळसा खाणपट्टा एस्सार आणि हिंडाल्को यांच्या संयुक्त कंपनीला मिळाला होता. आसपासच्या गावांचं पोट मोह, तेंदूपत्ता आणि जळाऊ लाकडावर चालतं. खाण आली तर जंगल जाणार हे गावकऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी ‘महान संघर्ष समिती’ उभी केली आणि पिल्लई या समितीबरोबर काम करत होत्या.

भांडण मुख्यतः वनहक्क कायद्याच्या आधारावर होतं. २००६ च्या या कायद्याने जंगलावरचे सामूहिक हक्क मान्य केले, आणि वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर ग्रामसभेची संमती हवी असं पर्यावरण मंत्रालयाने २००९ च्या परिपत्रकात म्हटलं. अमेलिया गावात मार्च २०१३ मध्ये झालेल्या ग्रामसभेचा खाणीला संमती देणारा ठराव पुढे आला, तेव्हा त्यावरच्या सह्या बनावट आहेत, त्यात मेलेल्या माणसांचीही नावं आहेत, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंत्रालयाची अंतिम वनमंजुरी मिळाली.

एस्सार एनर्जी ही ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी होती आणि २०१० पासून काही वर्षं तिचे शेअर लंडनच्या बाजारात होते. आपल्या देशात नोंदलेली कंपनी दुसऱ्या देशातल्या आदिवासींच्या जंगलात काय करते, हे तिथल्या खासदारांनी ऐकून घ्यावं यात वावगं काहीच नाही. आदिवासींच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ब्रिटिश खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने पिल्लई यांना बोलावलं ते याच कारणासाठी. असे गट म्हणजे खासदारांनी एकत्र येऊन चालवलेली अनौपचारिक मंडळं असतात. त्यांना संसदेच्या अधिकृत समितीसारखे अधिकार नसतात.

इथे एक तपशील फार महत्त्वाचा आहे आणि प्रकरणाच्या चर्चेत तो बहुतेक वेळा निसटतो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. वाटपाची पद्धतच मनमानी आणि बेकायदा होती असा तो निर्णय होता, आणि रद्द झालेल्या यादीत महान होता. म्हणजे पिल्लई लंडनला निघाल्या तेव्हा ज्या खाणीबद्दल त्या बोलणार होत्या, तिचं वाटप देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच साडेतीन महिन्यांपूर्वी मोडीत काढलेलं होतं. अशा खाणीवर टीका केल्याने कुठलं राष्ट्रहित बुडणार होतं?

विमानतळाच्या आधी काय काय झालं होतं

ही अडवणूक आकाशातून पडली नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या एस्सार मुख्यालयावर फलक लटकवून निदर्शनं केली, त्यानंतर कंपनीने संस्थेवर ५०० कोटी रुपयांच्या बदनामीचा दावा ठोकला. जून २०१४ मध्ये गुप्तचर विभागाचा, म्हणजे आयबीचा, एक अहवाल फुटला. परदेशी पैशावर चालणाऱ्या काही संस्था विकासाच्या आड येतात आणि त्यामुळे देशाच्या सकल उत्पादनाच्या वाढीला दरवर्षी दोन ते तीन टक्क्यांचा फटका बसतो, असा त्यातला सूर होता. ग्रीनपीसचं नाव त्यात ठळक होतं. संस्थेला परदेशातून आलेले सुमारे १.८७ कोटी रुपये सरकारने अडवून ठेवले. ते मोकळे करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१५ रोजी दिला, म्हणजे पिल्लई यांना अडवल्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी.

मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या छळाची रीत अशीच असते. आधी दावा, मग अहवाल, मग पैशाची कोंडी, मग प्रवासाला आडकाठी. प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर प्रशासकीय वाटते, आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या कोर्टात द्यावं लागतं. माणसं मूळ काम बाजूला ठेवून वकिलांच्या ऑफिसात बसतात.

लुकआउट सर्क्युलर म्हणजे काय

पिल्लई यांच्या नावाने आयबीच्या सांगण्यावरून १० जानेवारीला, म्हणजे विमानाच्या आदल्या दिवशी, लुकआउट सर्क्युलर निघालं होतं. ‘एलओसी’ म्हणतात ते हेच. इमिग्रेशनच्या संगणकात तुमच्या नावापुढे एक नोंद होते आणि पासपोर्ट स्कॅन झाला की अधिकाऱ्याला ती दिसते. तुम्हाला ती त्या क्षणापर्यंत ठाऊक नसते.

या अधिकाराला आधार कशाचा, हा प्रश्न कुणालाही पडावा. संसदेने केलेल्या कुठल्याही कायद्यात लुकआउट सर्क्युलर असा शब्द शोधून सापडत नाही. आधार आहे तो गृह मंत्रालयाच्या कार्यालयीन आदेशांचा. पिल्लई यांच्या वेळी २७ ऑक्टोबर २०१० चा आदेश लागू होता आणि तोही दिल्ली उच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या एका निकालानंतर तयार झालेला. एलओसी कधी काढायची, याचं उत्तर त्यात बऱ्यापैकी स्पष्ट होतं : दखलपात्र गुन्हा असावा, आरोपी मुद्दाम अटक टाळत असावा किंवा अजामीनपात्र वॉरंट निघूनही कोर्टात येत नसावा, आणि तो देश सोडून पळण्याची शक्यता असावी. पण पुढे एक पळवाट होती. अपवादात्मक परिस्थितीत दहशतवादी, हेरगिरीचे संशयित आणि ‘देशविरोधी घटक’ यांच्याविरुद्ध व्यापक राष्ट्रहितासाठी पूर्ण तपशील न देताही एलओसी काढता येईल, असं ते कलम सांगत होतं. पिल्लई यांना बसवलं गेलं ते या कलमात.

पासपोर्ट कायद्याशी याची तुलना करून पाहा. १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं म्हटलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट जप्त करायचा तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची, मागितली तर त्यांची प्रत द्यायची, असं तो कायदा सांगतो. अपवाद आहेत, पण नियम हा आहे. मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ मध्ये जप्त झाला आणि कारणं द्यायला सरकारने नकार दिला, त्यातूनच जानेवारी १९७८ चा तो प्रसिद्ध निकाल आला : स्वातंत्र्य काढून घेण्याची पद्धत न्याय्य, वाजवी असली पाहिजे, संबंधित माणसाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. एलओसीने हे सगळं वळसा घालून टाळता येतं. पासपोर्ट तुमच्याच खिशात राहतो, फक्त तो चालत नाही.

कोर्टात सरकार काय म्हणालं

पिल्लई यांनी आधी कारणं विचारणारी पत्रं लिहिली. समाधान होईल असं उत्तर न आल्याने जानेवारीच्या अखेरीस त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांची बाजू ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी मांडली. न्यायमूर्ती होते राजीव शकधर, ज्यांनी ग्रीनपीसचे अडवलेले पैसे सोडवण्याचा आदेश दिला होता तेच.

सरकारचं प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा काउंटरवर न मिळालेलं कारण पहिल्यांदा कागदावर उतरलं. पिल्लई यांनी कुठला गंभीर गुन्हा करून पळ काढला, असं त्यात नव्हतं. त्या अटक टाळत होत्या असंही नव्हतं. सगळा भर त्या लंडनमध्ये काय बोलणार होत्या यावर होता. परदेशी खासदारांपुढे अशी साक्ष झाली की ती त्यांच्या अहवालांत जाते, त्या अहवालांच्या आधारे देशाची प्रतिमा खालावते, मानवी हक्कांच्या बाबतीत देशाला खालचा दर्जा मिळतो आणि उद्या त्याचा वापर निर्बंधांसाठीही होऊ शकतो, अशी ती साखळी होती. सुनावणीत सरकारतर्फे असंही सुचवण्यात आलं की परदेशी संसदेच्या समितीपुढे बोलणार नाही अशी हमी दिली तर जाऊ देता येईल. ती अट पिल्लई यांच्या बाजूने मान्य झाली नाही.

हे सुचवणं मला या प्रकरणातला सर्वांत बोलका क्षण वाटतो. माणूस खरोखर देशाच्या सुरक्षिततेला धोका असेल तर अमुक ठिकाणी बोलणार नाही एवढ्या हमीवर तो धोका टळत नाही. बंदी शब्दांवर होती, पाय अडवले गेले ते शब्द पोचू नयेत म्हणून.

आणि शब्द तरीही पोचले. १४ जानेवारीला ठरलेल्या दिवशीच पिल्लई यांनी स्काइपवरून त्या खासदारांशी संवाद साधला. महानबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. त्यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली होती : आपल्याला विमानात चढू दिलं गेलं नाही. प्रतिमा जपण्यासाठी केलेल्या कारवाईने जगभरच्या वर्तमानपत्रांना बातमी दिली.

१२ मार्चचा निकाल

न्यायमूर्ती शकधर यांनी एलओसी रद्द केली, पासपोर्टवरचा ‘ऑफलोड’ शेरा पुसायला सांगितला आणि इमिग्रेशनच्या नोंदींतून पिल्लई यांचं नाव काढण्याचा आदेश दिला.

निकालपत्राचं बळ त्याच्या तर्कात आहे. २०१० चा आदेश ज्यांच्यासाठी आहे त्या वर्गात पिल्लई बसतच नाहीत, हे न्यायालयाने आधी दाखवलं. मग ‘देशविरोधी’ या शिक्क्याकडे ते वळलं. गुन्हेगारी हेतू नसताना परदेशी जाऊन आपली मतं मांडल्याने कुणी देशविरोधी ठरत नाही, असं ते म्हणालं. भाषणस्वातंत्र्यात टीका करण्याचा आणि असहमत असण्याचा हक्क येतोच. टीका रुचणार नाही, पण म्हणून तिचं तोंड बंद करता येत नाही. विकासाच्या धोरणांतली विसंगती दाखवणं आपलं कर्तव्य आहे असं अनेक कार्यकर्ते मानतात. सरकारने त्यांचं म्हणणं मानलंच पाहिजे असं नाही, पण ते पटत नाही एवढ्यावरून विरोधी मत संपवताही येणार नाही, अशी मांडणी निकालात आहे. तत्त्व म्हणून हा निकाल पुरेसा खणखणीत आहे.

मला उणीव वाटते ती तो जिथे थांबतो तिथे. एलओसीचा अधिकार कुठून येतो या प्रश्नाच्या मुळाशी तो जात नाही. तो म्हणतो की आदेशातल्या निकषांत ही व्यक्ती बसत नाही. तर निकष बदलले की झालं. आणि ते बदलले.

निकालानंतर

एप्रिल २०१५ मध्ये ग्रीनपीस इंडियाची परदेशी निधी घेण्याची नोंदणी निलंबित झाली आणि सप्टेंबरमध्ये रद्द झाली. पिल्लई निकाल जिंकल्या तरी त्यांच्या संस्थेभोवतीचा फास सैल झाला नाही. महानच्या बाबतीत मात्र मार्च २०१५ मध्येच स्पष्ट झालं की हा खाणपट्टा लिलावात काढला जाणार नाही. ज्यांच्या बोलण्याला राष्ट्रहिताच्या विरुद्ध म्हटलं गेलं, त्यांचा मूळ मुद्दा सरकारी यंत्रणेच्याच गळी उतरला होता.

एलओसीचे नियम पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये रुंदावले. देशाच्या आर्थिक हिताला बाधा हेही कारण झालं, सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही विनंती करण्याचा अधिकार मिळाला. बँकांचा हा अधिकार एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. पण माझ्या मते सर्वांत घातक बदल २२ फेब्रुवारी २०२१ च्या एकत्रित आदेशातला आहे. २०१० च्या आदेशात एलओसी एका वर्षासाठी असायची, पुढे चालू ठेवायची तर मुदत वाढवून घ्यावी लागे. २०२१ पासून ज्यांनी ती काढायला लावली त्यांच्याकडून मागे घेण्याची विनंती येत नाही तोवर ती चालूच राहते. वर्षाच्या शेवटी का होईना, कुणीतरी फाईल उघडून बघायचं. आता आदेशात नियमित आढावा घ्या असं म्हटलंय, पण तो घेतला नाही तरी नोंद आपोआप मिटत नाही.

त्यानंतरची प्रकरणं पाहिली की पिल्लई यांच्या निकालाचा काउंटरवर किती परिणाम झाला ते कळतं. सप्टेंबर २०१६ मध्ये काश्मीरचे मानवी हक्क कार्यकर्ते खुर्रम परवेझ यांना जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला जाताना दिल्लीत अडवलं. दुसऱ्याच दिवशी श्रीनगरमध्ये अटक झाली, मग जनसुरक्षा कायदा लावला गेला. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केल्यावर नोव्हेंबरअखेर ते सुटले. तोवर परिषदेचं अधिवेशन केव्हाच संपलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये छायाचित्रकार सना इर्शाद मट्टू यांना पुलित्झर पुरस्कार घ्यायला न्यूयॉर्कला जाताना दिल्लीतूनच परत पाठवलं, व्हिसा आणि तिकीट हातात असताना.

अ‍ॅम्नेस्टी इंडिया या मानवी हक्क संस्थेचे माजी प्रमुख आकार पटेल यांचं प्रकरण तर धडाच म्हणून वाचावं असं आहे. ६ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेला व्याख्यानांसाठी निघालेल्या पटेल यांना बंगळुरूत थांबवलं. सीबीआयची एलओसी होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या न्यायालयाने ती तत्काळ मागे घ्यायला सांगितली, शिवाय सीबीआयच्या संचालकांनी लेखी माफी मागावी असंही म्हटलं. त्याच संध्याकाळी पटेल पुन्हा विमानतळावर गेले आणि पुन्हा अडवले गेले. ८ तारखेला विशेष न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. १६ एप्रिलला एलओसी रद्द करण्याचा भाग कायम राहिला, माफीचा भाग गेला. हातात कोर्टाचा आदेश असलेल्या माणसालाही संगणकातल्या नोंदीपुढे उभं राहावं लागलं.

या प्रकरणातून काय घ्यायचं

कार्यकर्त्यांसाठी काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. पिल्लई यांची बाजू भक्कम झाली कारण निमंत्रण, व्हिसा, प्रवासाचा उद्देश हे सारं कागदोपत्री स्वच्छ होतं आणि अडवल्यावर लगेच त्यांनी लेखी विचारणा केली. काउंटरवर वाद घालून विमान मिळत नाही, पण अधिकाऱ्याने काय सांगितलं, किती वाजता, कुठला शिक्का मारला, याची त्याच दिवशी केलेली टिपणं पुढे याचिकेत कामाला येतात. दुरून साक्ष देण्याची सोय आधीच ठरवून ठेवावी. ज्या संस्था बोलावतात त्यांनीही ती जबाबदारी घ्यावी, कारण बोलावलेला माणूस पोचला नाही ही बातमी त्यांनी त्याच दिवशी जाहीर केली तर अडवणुकीचा हेतू बराचसा निष्फळ होतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. प्रत्येकाकडे दिल्लीतली संस्था, इंदिरा जयसिंग यांच्यासारखी वकील आणि महिनाभर कोर्टात उभं राहायची ताकद नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने माहितीचे अर्ज टाकणाऱ्या माणसाला अडवलं तर हा निकाल त्याच्या बाजूने असूनही त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला मदत करणाऱ्या वकिलांची फळी आधी उभी असावी लागते.

सरकारकडे मागायचं ते याहून थोडकं आणि ठोस आहे. एलओसीला संसदेच्या कायद्याचा आधार द्या, आदेशावर आदेश काढून हक्क आवळू नका. अडवलेल्या माणसाला तिथेच, काउंटरवर, कोणत्या यंत्रणेच्या विनंतीवरून आणि कोणत्या कलमाखाली हे लेखी द्या. एका वर्षाची मुदत परत आणा. ‘देशविरोधी घटक’ ही मोकळी चौकट काढून टाका, किंवा तिच्याखाली निघालेल्या प्रत्येक नोंदीची काही दिवसांच्या आत न्यायालयीन अधिकाऱ्याकडून तपासणी होऊ द्या. आणि ज्याचं विमान नाहक चुकवलं त्याला तिकिटाचे पैसे तरी भरून द्या. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९९८ मध्ये एकमताने संमत केलेल्या मानवी हक्क रक्षकांच्या जाहीरनाम्यात आंतरराष्ट्रीय संस्थांशी विनाअडथळा संपर्क ठेवण्याचा हक्क नोंदलेला आहे. मुक्त संचाराची हमी देणाऱ्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ पासून सामील आहे. यातली एकही मागणी त्या बांधिलकीच्या पलीकडची नाही, आणि एवढं झालं तर पुढच्या वेळी कुणाला अडवण्याआधी अधिकाऱ्याला निदान स्वतःच्या सहीने कारण लिहावं लागेल.